बोजारा अन् हनुका

"मास्तरीणबाई, ऐकलं का?" काकूंनी धुणं वाळू घालता घालता भिंतीवरून आवाज दिला. "न्यू जर्सीवाल्या नातवाचा फोन आला काल. म्हणते, आजी, मले आठ दिवस रोज एक गिफ्ट पाहिजे. टीव्हीवरच्या कार्टूनमधले पोट्टे आठ दिवस मेणबत्त्या लावतेत अन् रोज गिफ्ट घेतेत म्हणे. हा कोन्ता सण, बाप्पा?"

"हनुका. ज्यू लोकांचा. जेरुसलेमचं देऊळ परत हाती आलं, त्याची आठवण."

"मंग मोठाच असन!"

"तिथंच तर गंमत आहे. त्यांच्या धर्मात तो लहान सण. पण डिसेंबरात नाताळाच्या आसपास येतो, म्हणून अमेरिकेत त्याला एवढं महत्त्व आलं."

"असं! छिंदवाडा रोडले लागून प्लॉट असला का भाव चढते, तसंच म्हणा ना."

आता याच्यावर मी काय बोलू? पण विषय निघालाच होता. पनवेलला राहत होतो तेव्हा शेजारी बेने इस्राएल घर होतं. आपल्यासारखंच मराठी बोलणारं. त्यांचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे अन् शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या जुन्या सणांत हा हनुका नव्हताच, मागाहून बाहेरच्या ज्यूंकडून आला. त्यांचे स्वतःचे सण म्हणजे खिरीचा सण, दार फाळणीचा सण, बिरड्याचा सण.

"बिरडं? वालाचं?"

"वालाचंच. जेरुसलेमचं देऊळ पडलं, त्या शोकाच्या दिवसाचं ते नाव. अन् एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं घालून."

"मंग हे दाखवत काऊन नाही टीव्हीवर?"

"शोकाच्या दिवसाला गिफ्ट कुठून आणणार?"

तरी सगळेच कार्टूनवाले तसे नाहीत. 'रगरॅट्स'नं १९९५ साली पासोव्हर या ज्यू सणाचा भाग काढला होता. आजोबा अन् लहान मुलं माळ्यावर अडकतात, तिथं आजोबा मिसर देशातल्या गुलामगिरीची गोष्ट सांगतात. दांडगी अँजेलिका फॅरो होते अन् तान्हा टॉमी मोझेस. हनुकाचा भाग आला तो पुढच्या वर्षी. मला विचाराल तर माळ्यावरचा आजोबाच भारी, कारण तो सण समजावत बसत नाही, गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या कार्टूनमध्ये ईद म्हटलं की गळाभेट अन् शेवया, नाताळ म्हटलं की सांता. झाला सण!

"अन् आपला तान्हा पोळा?" काकूंनी चिमटा माझ्याकडे रोखला. "मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतेत, इकडं पांढुर्ण्याले गोटमार, अन् आपले पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारोदार, बोजाऱ्याचे पैसे मागत. एका दिवसात तीन-तीन! त्यातली गोटमार तेवढी दाखवतेत, ते बी बातम्यात. दगड अन् फुटलेले डोके."

"ते मुलांनी न पाहिलेलंच बरं."

"ते खरं. पण हा लेकीचा पोरगा पाहा ना, इथंच सावनेरात राह्यते, तरी दिवसभर डोरेमॉन. नोबिताले नव्या वर्षाचे पाकिटं भेटतेत, हे त्याले पाठ. मागच्या पोळ्याले बैल घेऊन दारात आला अन् मले म्हणते, आजी, माझं पाकीट? म्या म्हटलं, मुडद्या, बोजारा म्हण बोजारा!"

मी हसले. खरं तर चूक पोराची नाही. जपानची पोरं नव्या वर्षाला मोठ्यांकडून पैसे घेतात, ते कोणीतरी प्रेमानं रेखाटलं, म्हणून सावनेरच्या पोराला कळलं. आपल्या लाकडी बैलाला अजून तसा चित्रकार भेटायचा आहे.

"मंग न्यू जर्सीवाल्याले काय सांगू?"

"सांगा, हनुका तुझ्या ज्यू मित्राच्या घरी पाहून ये, अन् त्याच्या आजोबाला गोष्ट विचार. गिफ्टचं नंतर पाहू."

"अन् पोळ्याले इकडं आण म्हणते लेकाले. चाकं लावलेला बैल घेऊन ठेवते मी." पिळायच्या साडीचं दुसरं टोक माझ्या हाती देत काकूंनी आवाज खाली आणला. "पण डॉलर-बिलर नाही देत हो मी. बोजारा अकराच रुपये. आठ दिवस रोज आला, तरी अकराच."