भूत पकडण्याच्या नोकरीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

अभिनंदन, तुमची नेमणूक झाली आहे. कामाचं ठिकाण न्यूयॉर्क, अग्निशमन दलाची जुनी विटांची इमारत. काळ नोव्हेंबर १९९१, थँक्सगिव्हिंगचे दिवस. हुद्दा: प्रायोगिक उपकरण तंत्रज्ञ. हुद्दा ऐकून हुरळून जाऊ नका. डॉ. ईगॉन स्पेंग्लर यांनी बनवलेलं आणि आजवर कुणीच वापरून न पाहिलेलं यंत्र सगळ्यात आधी तुमच्या पाठीवर बांधलं जाणार, एवढाच त्याचा अर्थ.

ही नोकरी ज्यात मिळते तो ‘घोस्टबस्टर्स: द व्हिडिओ गेम’ हा खेळ टर्मिनल रिॲलिटी या कंपनीने बनवला आणि तो जून २००९ मध्ये आला. सुरू करण्यापूर्वी १९८४ आणि १९८९ चे दोन्ही ‘घोस्टबस्टर्स’ चित्रपट पाहून घ्या. वेळ नसेल तर निदान पहिला तरी पाहाच. नाहीतर हॉटेल सेजविकच्या व्हरांड्यात हिरवं, गिळगिळीत, खादाड भूत दिसल्यावर बाकीचे का हसतायत ते तुम्हाला कळणार नाही. चित्रपट लिहिणारे डॅन अ‍ॅक्रॉइड आणि हॅरॉल्ड रॅमिस यांनीच या खेळाच्या लेखनालाही हातभार लावला आहे. बिल मरे, अ‍ॅक्रॉइड, रॅमिस आणि अर्नी हडसन या चौघांनी आपापल्या पात्रांना स्वतः आवाज दिलाय. पार्श्वसंगीतही एल्मर बर्नस्टाइन यांचं, पहिल्या चित्रपटातलंच.

आता तुमच्याविषयी. तुम्हाला नाव नाही. डॉ. पीटर व्हेंकमन यांना ते जाणून घ्यायचंच नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर उगाच जीव लागलेला नको, असा त्यांचा व्यवहारी विचार. तुम्हाला संवादही नाहीत. चार ज्येष्ठ बोलतील, तुम्ही मान डोलवायची. मराठी माणसाला कुठल्याही कचेरीतली पहिली दोन वर्षं आठवतील आणि या भूमिकेत शिरायला अजिबात वेळ लागणार नाही.

पहिला धडा पाठीवरच्या, भुतांवर झोत सोडणाऱ्या प्रोटॉन पॅकचा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे, पट्ट्या असलं काही शोधू नका. तुमची तब्येत किती उरली आणि पॅक किती तापलाय, हे पॅकच्याच दिव्यांवर दिसतं, म्हणजे सतत स्वतःच्या पाठीकडे बघत चालायचं. झोत फार वेळ सोडला की पॅक तापतो. पूर्ण तापू दिलात तर तो आपला आपण बंद पडतो आणि थंड होईपर्यंत भुतासमोर तुम्ही नुसते उभे. म्हणून दिवे चढायला लागले की बटण दाबून वाफ सोडा. नवशिक्यांचे निम्मे हाल हे एवढं न केल्याने होतात. उरलेले निम्मे नेम धरण्याच्या नादात.

नेमाचा नाद सोडाच. भूत पकडणं हे नेमबाजीचं काम नाही, पतंगबाजीचं आहे: ढील द्यायची, ताण घ्यायचा, पुन्हा ढील. आधी झोताने भुताला दमवा. ते दमलं की झोत त्याला धरून ठेवतो. मग त्याला भिंतीवर, जमिनीवर, झुंबरावर, जिथे जमेल तिथे आपटा. सापळा फेका, त्यातून उजेडाचा शंकू वर उठेल. भूत ओढत ओढत त्या शंकूवर आणा आणि जरा धीर धरा. ते सुटायची शिकस्त करेल, तुम्ही उलट्या दिशेने खेचा. सापळा खटकन मिटला की त्यातून धूर निघतो. हा क्षण पहिल्यांदा अनुभवाल तेव्हा १९८४ चा चित्रपट पाहून हातात झाडू घेऊन घरभर फिरलेल्या पोरांना नेमकं काय हवं होतं ते कळेल.

पुढे आणखी उपकरणं मिळतील. एक भुताला गोठवतं. एक हिरवा चिकट द्राव उडवतं आणि त्याच्या दोरीने दोन वस्तू एकमेकींकडे खेचल्या जातात. दोरीचं एक टोक भुताला आणि दुसरं सापळ्याला चिकटवा. ओढाताण निम्मी वाचते. ही युक्ती ज्येष्ठांपैकी कुणी आवर्जून सांगत नाही, म्हणून इथे सांगितली. तसंच, शस्त्र खाली ठेवून अधूनमधून चष्मा चढवा आणि हातातल्या पीकेई मीटरने भुताची मोजणी करा. त्या जातीची नोंद ‘टॉबिन्स स्पिरिट गाइड’मध्ये पडते, तिचा कमकुवतपणा कळतो आणि वर पैसेही मिळतात. आपल्याकडे मुंजा, हडळ, वेताळ अशी बारीक वर्गवारी पिढ्यान्‌पिढ्या पाठ असते. न्यूयॉर्ककरांना त्यासाठी यंत्र लागतं.

झोत एकमेकांवरून जाऊ देऊ नका. का, ते पहिल्या चित्रपटात ईगॉनने समजावलंय. आणि शेवटी तेच करावं लागतं, हेही त्याच चित्रपटात आहे. खेळात चुकून झोत ओलांडलात तर दणका तुम्हालाच बसतो.

नुकसानीचा प्रश्न येईल. येणारच. हॉटेलच्या मेजवानीच्या दालनात टेबलं, काचा, झुंबरं यांतून भूत हाकताना काय काय फुटलं त्याचा हिशेब खेळ डॉलरमध्ये ठेवतो. सुरुवातीला संकोच वाटेल. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो जातो. तुमच्यावर नजर ठेवायला महापौरांनी अलौकिक कंत्राटांवर देखरेख करणारा आयोगच नेमलाय आणि त्याच्या डोक्यावर बसलेत वॉल्टर पेक. पहिल्या चित्रपटात पर्यावरण खात्याच्या अधिकारात भुतांचं कोठार बंद करायला लावून अर्धं शहर वेठीला धरणारे तेच गृहस्थ. असा माणूस पुढे देखरेख आयोगाचा प्रमुख होतो, यात खेळाची म्हणून काही अतिशयोक्ती नाही.

सहकाऱ्यांबद्दल तक्रार मात्र रास्त आहे. नियम असा, की कुणी पडलं तर दुसऱ्याने जाऊन उठवायचं. सगळे पडले की खेळ खलास. प्रत्यक्षात अवघड पातळीवर हे तीन-चार डॉक्टर पटापट आडवे होतात आणि तुम्ही भूत सोडून त्यांना उठवत फिरता. यावर इलाज एकच: सोप्या पातळीवर खेळा. इथे शौर्य दाखवायला कुणी बोलावलेलं नाही, गप्पा ऐकायला बोलावलंय.

त्यासाठी सगळ्यात चांगली जागा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची सार्वजनिक लायब्ररी, दारात संगमरवरी सिंह असलेली. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला इथेच पुस्तकांच्या कपाटांमध्ये एक म्हातारी ग्रंथपाल तरंगत होती आणि तिला पाहून तिन्ही विद्वान पाय लावून पळाले होते. तिला पकडलं कुणीच नव्हतं. ते तुंबलेलं काम आता तुमच्याकडे आलंय. इथे घाई करू नका. कपाटांच्या बोळांतून हळू चाला. पुस्तकं आपोआप सरकतात, मागे ईगॉन काहीतरी शास्त्रीय पुटपुटतो, व्हेंकमन त्यावर पाणी ओततो. टाइम्स स्क्वेअरमध्ये मार्शमॅलोचा राक्षस इमारतीवर चढताना त्याच इमारतीवरून दोराला लटकून त्याला हाणायचा प्रसंग जास्त भव्य आहे, पण लायब्ररी जास्त चांगली लिहिलीय. शेवटाकडचं बेट आणि कब्रस्तान मारामारीत जातं; तिथे लेखकांपेक्षा राक्षस जास्त आहेत.

कुठली आवृत्ती घ्यावी? ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेली सुधारित आवृत्ती आजच्या यंत्रांवर चालते. मित्रांनी मिळून खेळायचा भाग तीत नाही, पण मूळ गोष्ट पूर्ण आहे. ‘वी’ या खेळयंत्रासाठीची जुनी आवृत्ती वेगळीच, कार्टूनसारखी. ती हौसेने घ्यावी.

हॅरॉल्ड रॅमिस २०१४ मध्ये गेले. २०२१ च्या चित्रपटात ईगॉन दिसतो, पण संगणकाने घडवलेला आणि मुका. त्याला रॅमिस यांच्या आवाजात बाकी तिघांशी हुज्जत घालताना ऐकायचं असेल, तर दुसऱ्या चित्रपटानंतर हाच खेळ उरतो. मालिकेचा तिसरा भाग कोणता, असं कुणी विचारलं तर २००९ सालचं नाव सांगा.