गळ्यात ताईत, खिशात मोबाइल

मोबाइलच्या लहरींनी माणसाचं काही बिघडतं का, हे शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं तपासताहेत. बाजाराला एवढा धीर कुठला? आजाराचा पत्ता लागायच्या आत उतारा दुकानात हजर झाला.

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष वल्लभभाई कथीरिया यांनी शेणाची चिप सादर केली. ती मोबाइलला लावली की किरणोत्सर्ग घटतो, असा दावा होता. किंमत पन्नास-शंभर रुपये. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. शास्त्रज्ञांना दुसरं येतं काय!

यावर साहेबाच्या देशाने हसू नये. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी नगर परिषदेने फाइव्ह-जीवर नेमलेल्या समितीतल्या एका सदस्याने ‘फाइव्ह-जी बायोशील्ड’ नावाच्या कवचाची शिफारस केली. किंमत सुमारे ३३९ पौंड, म्हणजे तेव्हाचे तीस हजारांवर रुपये. सुरक्षा-तज्ज्ञांनी ते उघडून पाहिलं. आत निघाला १२८ एमबीचा साधा पेनड्राइव्ह आणि वर चिकटवलेलं एक गोल स्टिकर. तेवढ्या पैशांत शेणाच्या तीनशे चिपा आल्या असत्या.

भीतीला टॉवर चालू असण्याचीही गरज नसते. जोहान्सबर्गच्या क्रेगॅव्हॉन वस्तीत २००९ मध्ये टॉवरमुळे अंगावर पुरळ उठतं, अशी रहिवाशांची तक्रार होती. नोव्हेंबरच्या बैठकीत कंपनीने सांगितलं, की टॉवर ऑक्टोबरपासून बंदच आहे. पुरळाला हे कुणी कळवलं नव्हतं.

आपल्याकडच्या सोसायट्यांना गच्चीवर टॉवर नको असतो, पण बाथरूममध्येही फुल रेंज हवी असते. (भाड्याचा आकडा ऐकला की विरोध सौम्य होतो, ते वेगळं.) खरी गंमत अशी, की टॉवर लांब गेला आणि रेंज पडली की हँडसेट जास्त जोर लावून लहरी सोडतो, आणि तो कानाला चिकटलेला असतो.

संशोधन बिचारं रटाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘२ बी’ गटात, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा यादीत टाकल्या. याच यादीत पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आला. पण कोरफडीविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. तेरा देशांच्या ‘इंटरफोन’ अभ्यासात तर नेमाने मोबाइल वापरणाऱ्यांमध्ये मेंदूच्या गाठी किंचित कमीच दिसल्या. सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचं प्रमाण थोडं जास्त आलं. संशोधकांनी दोन्हींमागे पाहणीतल्या त्रुटींची शक्यता मान्य केली. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेसाठीच ६३ अभ्यास चाळले गेले. मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध त्यांत आढळला नाही. अशा निष्कर्षावर कोण ताईत विकणार?

विकले मात्र जातात. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशी दहा उत्पादनं तपासली: पदकं, कडी, झोपताना लावायची डोळ्यांची पट्टी, असलंच काहीबाही. ती खरोखरच किरणोत्सर्गी निघाली. मोबाइलच्या लहरींना जे जमत नाही, ते आयनीकरण ही पदकं चोवीस तास करत होती. प्राधिकरणाने ग्राहकांना सांगितलं, गळ्यातलं काढा, सुरक्षित जागी बंद करून ठेवा आणि पुढच्या सूचनेची वाट पाहा.