सुश्रुत आणि चौथी सीट

पन्नाशी उलटली आहे आणि तरीही ज्याच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमाखाली, स्वतःच्या मानेचे क्ष-किरण छायाचित्र जपून ठेवलेले नाही, असा गृहस्थ ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मुलखात सापडणे कठीण. आणि यदाकदाचित सापडलाच, तर तो नुकताच परगावाहून बदली होऊन आलेला असावा, किंवा त्याची कचेरी त्याच्या घराच्या खालच्याच मजल्यावर असावी, असे खुशाल समजावे. मानेच्या दुखण्याला आमच्याकडे रोगाचा दर्जा नाही. रोग म्हटला की चार माणसे समाचाराला येतात, शहाळी आणतात, हळू आवाजात बोलतात. मानेच्या रुग्णाला शहाळे कोणी आणीत नाही, त्याला भेटायला आलेला मनुष्य आपलीच मान पुढे करतो आणि पूर्वी ज्या सुरात गोत्र व प्रवर विचारीत त्या सुरात विचारतो, "माझे चौथे-पाचवे, तुमचे कितवे?"

माझे पाचवे-सहावे. मनुष्याच्या मानेत मणके सात असतात, आणि जिराफाच्या मानेतही, तिची लांबी पाहता विश्वास बसू नये, परंतु सातच असतात. मात्र जिराफाला रोज डोंबिवलीहून बोरीबंदर गाठावे लागत नसल्यामुळे त्याचे सात त्याला जन्मभर पुरतात. आमच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या दरम्यान जी गादी असते, तिच्यातला ओलावा वयोमानाप्रमाणे आटत जातो, गादी दबते, आणि मग वरचा व खालचा मणका आपापल्या कडेने हाडाचे नवे कंगोरे वाढवून शेजारून जाणाऱ्या नसेच्या हद्दीत बेकायदा अतिक्रमण करतात. डॉक्टरांनी छायाचित्र उजेडापुढे धरून हे सर्व मला फार सौजन्याने समजावून दिले आणि साठीपुढच्या बहुतेकांच्या छायाचित्रात हेच दिसते, त्यांतल्या कित्येकांची मान तर दुखतही नाही, अशी पुस्ती जोडली. ज्याची मान दुखत आहे त्याला इतरांच्या न दुखणाऱ्या मानांच्या या दाखल्याने कितपत सांत्वन मिळते, हे त्यांनी एकदा स्वतःची मान अवघडल्यावर पडताळून पाहावे. तथापि गृहस्थ सरळ होता. हाताला मुंग्या येऊन बोटांतली ताकद कमी झाली, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर तडक माझ्याकडे या, तोवर व्यायाम करा, असे बजावून त्याने काही दिवसांपुरता गळ्याला पट्टा दिला.

त्या पट्ट्याविषयी न लिहिलेले बरे. पण राहवत नाही. पट्टा बांधलेल्या माणसाला मान डोलावून होकार देता येत नाही, हलवून नकार देता येत नाही, आणि ज्या प्रसंगी मान खाली घालणेच सोयीचे असते, अशा प्रसंगी, विशेषतः पत्नीसमोर, ती ताठ ठेवावी लागते. दिवाळीच्या पहाटे अवघी डोंबिवली नवी वस्त्रे लेऊन फडके रोडवर लोटते. त्या गर्दीतून मी पट्ट्यानिशी गणपतीच्या दर्शनाला निघालो असता परिचितांच्या नमस्कारांना मान लववून उत्तर देणे अशक्य झाले, आणि "साहेबांना बढती मिळालेली दिसते, आता ओळख देत नाहीत," असा शेरा माझ्या पाठीमागे उमटला. मागे वळून खुलासा करावा, तर मागे वळता येत नव्हते.

आप्तेष्टांच्या उपचारांची हकीकत थोडक्यात आटोपतो. कोणी उशी काढून घेतली, कोणी दोन दिल्या. गाडीतल्या मंडळींनी भरलेल्या डब्यात माझ्या मानेवर साग्र मसलत केली आणि कळव्यापासून दिव्यापर्यंत एकमत न झाल्याने ती दुसऱ्या दिवसावर तहकूब झाली. केशकर्तनालयातल्या कारागिराने, दाढी उरकल्यावर गिऱ्हाईकाची हनुवटी एका हाताने आणि टाळू दुसऱ्या हाताने धरून मान कडाडकन मोडून देण्याची जी विनामूल्य सेवा तिथे चालते, तिचा लाभ मला दोनदा जास्तच दिला. अखेर ठाण्यातल्या ज्या नौपाड्यात माझे बालपण गेले, तिथल्याच एका वैद्यबाईंकडे मी रुजू झालो. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पण त्यांनी माझी नाडी धरली आणि डोळे किंचित मिटले, त्या क्षणी मला वडिलांसमोर प्रगतिपुस्तक ठेवल्याचा भास झाला.

छायाचित्र त्यांनी पाहिले, नाही असे नाही. पण ते बाजूला ठेवून त्यांनी जी चौकशी आरंभिली, तिच्यापुढे खातेनिहाय चौकशी काहीच नव्हे. झोप कोणत्या कुशीवर लागते, भूक वेळेवर लागते की घड्याळाकडे पाहून, कोठा साफ असतो काय, राग येतो तो बोलून दाखविता की गिळता, पंख्याचा वारा डोक्यावर येतो की पायांवर! पाचव्या-सहाव्या मणक्याच्या तक्रारीत माझा उभा जन्म पुरावा म्हणून दाखल होईल, याची मला पूर्वसूचना नव्हती. दुखते कुठे एवढे विचारणारे पुष्कळ भेटले. हे दुखणे बाळगणारा मनुष्य कोण आहे, असा प्रश्न आजवर माझ्या नियुक्तीच्या वेळीही कोणी विचारला नव्हता.

मग त्यांनी शास्त्र सांगितले. हाड हे वाताचे वसतिस्थान, आणि या दोघांचा व्यवहार उफराटा, म्हणजे राहणारा बळावला की घर खचते. वात हा पावसाळ्यात, दिवसाच्या अखेरीस आणि आयुष्याच्या उत्तरार्धात चढतो. मी आयुष्याच्या उत्तरार्धात, जुलै महिन्यात, संध्याकाळच्या कल्याण गाडीत दाराशी उभा असतो; तेव्हा माझ्यावर चालून यायला वाताला याहून सोयीस्कर ठिकाण कोणते? चरकाने वाताचे म्हणून जे ऐंशी विकार मोजले आहेत, त्यांत मान आखडण्याची गणना आहेच. पण बाईंनी माझा खटला उभा केला तो सुश्रुताच्या आधारे. त्याच्या निदानस्थानाचा पहिलाच अध्याय वातव्याधींचा, आणि त्यात मन्यास्तंभाची, म्हणजे मान आखडण्याची, जी कारणे दिली आहेत, ती ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. दिवसा झोपणे, वेड्यावाकड्या, असमान जागी बसणे, आणि मान उंचावून वर टक लावून पाहत राहणे. या कारणांनी कफाने वेढलेला वात मानेला धरतो.

दोन सहस्रकांच्या आसपास जुन्या ग्रंथकाराला डोंबिवली स्थानकाचा फलाट क्रमांक पाच कसा ठाऊक असावा, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. वर टक लावून पाहणे म्हणजे इंडिकेटर पाहणे, यात संशयाला जागा नाही: जिथे जलद गाडीच्या जागी अचानक धीमी गाडी उमटते आणि शेकडो माना एकाच वेळी वर होऊन एकाच वेळी पडतात, ते दृश्य पाहिल्याशिवाय कोणी हे कलम लिहिणार नाही. आणि असमान जागी बसणे ही तर चौथी सीट. तीन माणसांसाठी घडविलेल्या बाकाच्या टोकाला, अर्धे आसन आधारावर व अर्धे अंतराळात, एक पाय वाटेत, पोटाशी पिशवी, आणि डोके झोपेच्या भरात तिसऱ्या सीटवरच्या परक्या गृहस्थाच्या खांद्याकडे कलते आहे आणि दर धक्क्याला ओशाळून परत येते आहे, या आसनाला योगशास्त्राने अजून नाव दिलेले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी निघाली, तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते, म्हणजे डब्यामागे तीसही नाहीत. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले, आणि तेव्हापासून त्या प्रमाणात जी सुधारणा होत गेली तिचा अहवाल माझ्या मानेत लिहिलेला आहे. सुश्रुताकडून एकच गोष्ट निसटली, ती खाली पाहण्याची. पण तीही न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने २०१४ साली भरून काढली. सरळ मानेवर पाचेक किलोचे असणारे डोके फोन पाहण्यासाठी साठ अंशांत झुकविले, की मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो, असे त्याचे गणित आहे. आमच्या डब्यात हा भार प्रत्येक प्रवासी वाहतो, आणि तरीही तिकीट एकाच माणसाचे काढतो.

उपचाराला आरंभ झाला तो वाळूने. पत्नी इतके दिवस मोठ्या निष्ठेने तेल चोळीत होती, बाई म्हणाल्या, "काकू, कफाचा वेढा आहे तोवर तेल थांबवा, आधी रूक्ष शेक." तापविलेल्या वाळूची पुरचुंडी करून मान शेकायची. शेजारच्या तिन्ही इमारतींचा पुनर्विकास चालू असल्याकारणाने डोंबिवलीत एक वेळ पाण्याची ददात पडेल, पण रेतीची पडणार नाही. त्याच्या जोडीला काढा. बेल, टेंटू, पाडळ, शिवण, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू अशी दहा मुळे एकत्र आली की जे दशमूळ होते, ते सोळापट पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत मंदाग्नीवर आटवायचे. आटलेले सात भाग जातात कुठे, याचे उत्तर आमच्या इमारतीच्या चिटणीसांनी सूचनाफलकावर लेखी दिले: तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. जेवणानंतर गुग्गुळाच्या गोळ्या, आणि रात्री दुधातून एरंडेल, ज्याच्या परिणामांचे वर्णन वाचकवर्गाला अनुरूप होणार नाही.

कफाचा वेढा उठल्यावर तेलाची पाळी आली, ती ग्रीवाबस्ती मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. रुग्णाने पालथे पडायचे. उडदाच्या पिठाचा घट्ट गोळा मळून त्याची जाड वळकटी करतात आणि मानेवर वाटोळे आळे घालून त्याची कड बोटाने कातडीशी लिंपतात, अशी की तेलाचा थेंबही निसटू नये. मग त्या आळ्यात, गरम पाण्यात ठेवून कोमट केलेले महानारायण तेल धारेने सोडतात. ते निवू लागले की कापसाच्या बोळ्याने टिपून पुन्हा ऊन तेल घालतात, आणि हे अर्धा-पाऊण तास चालते. पहिल्या दिवशी आळ्याला डाव्या अंगाने बारीकशी चीर गेली व तेलाचा एक ओघळ कानामागून निघून गालावर आला. तिथून तो नाकाच्या शेंड्याशी बराच वेळ थबकला आणि मी श्वास रोखून त्याच्या निर्णयाची वाट पाहत राहिलो. परंतु त्या पाऊण तासात मला कोणी उठवू शकत नव्हते, फोन घ्यायला लावू शकत नव्हते, गॅसचा नंबर लावलात काय म्हणून विचारू शकत नव्हते. मानेवर तळे असलेल्या माणसाला कोणताही हुकूम लागू होत नाही. तेलाचा गुण किती आणि या अभयाचा किती, याची वाटणी मी अद्याप केलेली नाही, आणि वैद्यबाईंनाही विचारलेली नाही. पत्नीची दृष्टी निराळी. उपचार संपल्यावर तो तेलकट गोळा टोपलीत टाकताना तिने पाहिला आणि परतीच्या गाडीत दिव्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, एवढ्यात अर्धा शेर पापड झाले असते."

नस्याचा अनुभव यापेक्षा तीव्र. नाक हा मस्तकाचा दरवाजा आहे असे शास्त्र मानते, आणि त्या दरवाजाने अणुतेलाचे थेंब आत सोडायचे. चरकाने सांगितलेले हे तेल दहा वेळा सिद्ध करतात आणि शेवटच्या पाकात शेळीचे दूध घालतात. इतका खटाटोप करून तयार झालेला पदार्थ नाकातून घशात उतरतो तेव्हा काय वाटते, ते तोंडाने सांगता येत नाही, कारण तोंड त्या वेळी पिकदाणीकडे वळलेले असते. पण उपकार न मानणे कृतघ्नपणाचे होईल: काही आठवड्यांनी मान उजवीकडे इतपत वळू लागली, की रस्ता ओलांडताना उजवीकडून येणारी रिक्षा मला डोळ्यांनी दिसू लागली, त्यापूर्वी ती मी केवळ अनुमानाने जाणीत असे. वाढलेले हाड वाढलेलेच राहील, असे बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. आखडलेपण आणि ठणका एवढ्याचीच हमी होती, तीही पथ्यावर अवलंबून. न्हाव्याची सेवा त्यांनी कायमची बरखास्त केली. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात, हे ऐकल्यावर मला त्या कारागिराच्या कसबापेक्षा माझ्या दैवाचेच कौतुक वाटले.

पथ्य हा मात्र अन्याय होता. वाल वर्ज्य, पावटे वर्ज्य, वाटाणा वर्ज्य, शिळे व थंड वर्ज्य. ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला डाळिंब्यांची उसळ तोडा म्हणणे म्हणजे त्याला तडीपार करणेच होय. शिवाय ठाणे स्थानकाच्या बाजूला जाताना, तहसील कचेरीच्या शेजारून मामलेदार मिसळीचा वास येतो, आणि त्या वासावर पथ्याचे कलम कोणते लागू होते हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. हे सर्व मी निमूट सोसले. पण रविवारची दुपारची झोप बंद, हा हुकूम झाला तेव्हा मी अपिलात जाण्याचे ठरविले.

सुदैवाने घरात वडिलांच्या वेळची, पोथीच्या आकाराला आलेली सुश्रुतसंहिता होती. रात्री चष्मा लावून, मान सरळ राहावी म्हणून ग्रंथ उशांच्या चळतीवर ठेवून, मी शारीरस्थानाचा चौथा अध्याय काढला. ग्रीष्माखेरीज इतर ऋतूंत दिवसा झोपू नये हे खरेच. परंतु लगेच पुढे सवलतींची यादी आहे, तीत बालक आहेत, वृद्ध आहेत, आणि वाहनातल्या प्रवासाने व वाटचालीने थकलेले लोकही आहेत! या मंडळींना एक मुहूर्तभर दिवसा झोपण्याची परवानगी खुद्द सुश्रुताने दिलेली. मी पानात कागदाची खूण घातली, रेल्वेचा तिमाही पास पुरावा म्हणून त्यात ठेवला, आणि पुढच्या भेटीत सर्व कागदपत्रे बाईंच्या टेबलावर सादर केली.

त्यांनी उतारा दोनदा वाचला, पास उलटसुलट पाहिला आणि किंचित हसून म्हणाल्या, "ठीक आहे काका. मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यावर एक मिनिट नाही."

मी विजयी मुद्रेने मागे वळून, कारण आता वळता येत होते, पत्नीकडे पाहिले. तर ती आपल्या फोनात अठ्ठेचाळीस मिनिटांचा गजर लावीत होती.