झाशीकर नवशिक्यांसाठी: जुन्या कॉम्प्युटरवर मोठं आकाश कसं बसवावं

सुरुवात करण्यापूर्वी पुढील साहित्य जवळ घ्यावं. दहा-बारा वर्षांचा एक कॉम्प्युटर, त्याला लावलेला साडेअठरा इंची मॉनिटर, जॉयस्टिक (असल्यास उत्तम), ‘आता हे काय नवीन?’ असं विचारणारी घरातली किमान एक व्यक्ती, आणि मोजपट्टी. मोजपट्टी शिवणाच्या डब्यात असते आणि डबा मागितला की वरचा प्रश्न लगेच येतो, म्हणून ती आदल्या रात्री काढून ठेवावी.

झाशीत हा छंद लागणं स्वाभाविक आहे. गावाला धावपट्टी आहे, पण ती सैन्याची. विमान पकडायचं तर वर्षानुवर्षं शंभर किलोमीटरवरचं ग्वाल्हेर गाठावं लागे, आणि तिथली धावपट्टीही हवाई दलाचीच. शेजारच्या दतियाचं विमानतळ सुरू झालं ते ३१ मे २०२५ला. या गावातलं सर्वांत प्रसिद्ध उड्डाण एप्रिल १८५८मधलं, तेही घोड्यावरून, पाठीशी दामोदररावांना बांधून. किल्ल्यावर ती जागा आजही दाखवतात. पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा तिथून खाली वाकून बघतो आणि ‘इथून?’ एवढंच म्हणतो. तेव्हा नारो शंकरांच्या सुभेदारीपासून इथे नांदणाऱ्या एखाद्या मराठी घरातल्या मुलाला, किंवा भेलमधून निवृत्त झालेल्या काकांना, वैमानिक व्हायचं असेल तर ते घरच्या घरी व्हावं लागतं.

आता मूळ मुद्दा. मोठा मॉनिटर घेतला की विमान सुसाट उडेल, असा नवशिक्याचा समज असतो. मॉनिटर काहीच उडवत नाही. तो फक्त दाखवतो, आणि जेवढे ठिपके त्याला दाखवायचे असतात तेवढे सगळे कॅबिनेटमधल्या त्या बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला तीस-तीस वेळा रंगवावे लागतात. (कॅबिनेटला आपल्याकडे सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. दुकानात तुम्हीही तसंच म्हणा, दुरुस्त करायला जाऊ नका, नाहीतर भाव वाढतो.) साडेअठरा इंची मॉनिटरवर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके असतात. १९२० गुणिले १०८०चे होतात वीस लाख सत्तर हजार. २५६० गुणिले १४४०चे जवळजवळ सदतीस लाख. फोर-के म्हणजे ८३ लाख. चौघांच्या पातेल्यात चाळीस पानांचं वरण लावायला सांगितलं तर जे होईल तेच जुन्या कार्डाचं फोर-केवर होतं.

नीट लक्षात घ्या: इंच वाढले म्हणून कार्डाला काही होत नाही, ठिपके वाढले की होतं. २४ इंची १०८०पी आणि ३२ इंची १०८०पी यांत कार्डाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवा. दुकानात उपयोगी पडेल.

तुम्ही काय उडवता, हेही एकदा स्वतःला विचारा. ऑक्टोबर २००६मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स असेल, तर चिंता कमी. त्याचा बहुतेक भार प्रोसेसरवर असतो. मॉनिटर मोठा केला तरी तो आधी जितका रखडत होता तितकाच रखडेल, ही त्याची मोठी सोय आहे. फ्लाइटगिअर फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर समजूतदारपणे वागतो. मात्र २०२०चा मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर किमान आठ जीबी रॅम, जीटीएक्स ७७० आणि १५० जीबी जागा मागतो. २०२४चा किमान १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० मागतो. ही ‘किमान’ यादी आहे. म्हणजे एवढं असेल तर विमान दिसेल, उडेलच असं नाही.

यानंतर कॅबिनेट भिंतीपासून ओढून मागे बघावं. हे काम सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत धुळीचं. निळं पंधरा टाचण्यांचं भोक दिसलं तर ते व्हीजीए. पांढरं, लांबट असेल तर डीव्हीआय. पातळ, कडा तिरक्या असतील तर एचडीएमआय. ही भोकं दोन ठिकाणी असू शकतात, वर मदरबोर्डवर आणि खाली ग्राफिक्स कार्डावर. वायर खालच्या भोकात लावायची असते. वरच्या भोकात लावून ‘कार्ड बसवलं तरी काहीच फरक नाही’ म्हणणारे भेटले तर त्यांना फक्त खाली बोट दाखवावं.

फक्त व्हीजीए असेल आणि नव्या मॉनिटरला ते भोकच नसेल, तर कन्व्हर्टर लागतो. इथे दिशा पाहावी. कॉम्प्युटर व्हीजीए आणि मॉनिटर एचडीएमआय, तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ मागायचा. दुकानात हमखास ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ हातात ठेवतात, कारण तोच जास्त खपतो. तो उलटा चालत नाही. उलटा धरला तरी नाही. जुन्या एचडीएमआयवरही फार विसंबू नये. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच मदरबोर्डांची एचडीएमआय १९२० गुणिले १२००च्या पुढे जात नाही, आणि एचडीएमआय १.४चं कार्ड फोर-के दाखवतं ते सेकंदाला तीसच वेळा. मग माउसचा बाण हलवला की तो मागून, विचार करून येतो.

आता मोजपट्टी घ्या आणि डोळ्यांपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. साठ सेंटिमीटरवर बसलात तर साडेअठरा इंची मॉनिटर तुमच्या नजरेचे जेमतेम ३८ अंश व्यापतो, २७ इंची ५३ आणि ३२ इंची ६१. काचेबाहेरची दुनिया किती मोठी दिसते ते या अंशांवर ठरतं, पेटीवर छापलेल्या आकड्यावर नाही. यातून एक गुपित निघतं, जे कुठलाही दुकानदार सांगणार नाही. खुर्ची पुढे ओढून चाळीस सेंटिमीटरवर बसलात तर तुमचा जुना साडेअठरा इंचीच ५४ अंश व्यापतो, म्हणजे २७ इंची मॉनिटर फुकट. ठिपके मोजता येतील आणि आई ‘डोळे जातील’ म्हणेल, एवढाच तोटा.

टेबलही मोजा. कॉम्प्युटर ट्रॉली नावाचं जे लाकडी फर्निचर बऱ्याच घरांत आहे, ते जुन्या डबा मॉनिटरसाठी बनलं होतं. खोली भरपूर, रुंदी बेताची, आणि वर एक फळी जिच्यावर आता गणपतीची मूर्ती, रामरक्षेचं पुस्तक आणि स्टेपलर असतो. ३२ इंची मॉनिटर ७१ सेंटिमीटर रुंद आणि कडा धरून थोडा जास्तच. तो त्या फळीखाली मावत नाही. फळी काढायची तर मूर्ती हलवावी लागते. मूर्ती हलवायची तर आजीला विचारावं लागतं. आजीला विचारलं तर भाद्रपदापर्यंत थांबावं लागतं. म्हणून २७.

इलाइट चौराह्याच्या आसपास दुकानात गेलात की समोरचा हिंदीतून सुरू करेल: “भाईसाहब, फोर-के ले जाइए, फ्यूचर प्रूफ है।” या वाक्यातलं भविष्य दुकानदाराचं असतं. खिशातला कागद काढा. २७ इंची १४४०पीलाही नम्रपणे नकार द्या. ‘चित्र १०८०पीवर चालवू की’ असं मनात येईल, पण १४४० हा १०८०च्या सव्वापटीहून थोडा जास्त. ठिपके एकास एक बसत नाहीत आणि अक्षरं धुकट होतात. फोर-के १०८०च्या बरोबर दुप्पट, दोन्ही बाजूंनी. म्हणून जुनं कार्ड १०८०पी पाठवत असेल तरी फोर-के पडद्यावर ते ठीक दिसू शकतं. हॉलमधल्या टीव्हीकडे वाकड्या नजरेने बघण्याचं तांत्रिक समर्थन हेच.

टीव्ही वापरायचाच असेल तर तीन गोष्टी करा. ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर दांडा ओढल्यावर विमान वेळाने ऐकतं. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद करा, नाहीतर इंधनाचा काटा टीव्हीच्या प्लास्टिकखाली राहील. काही टीव्हींत इनपुटचं नाव ‘पीसी’ केलं की अक्षरं लख्ख होतात. चौथी गोष्ट म्हणजे संध्याकाळी सातनंतर टीव्ही तुमचा नसतो. मालिका लागते. तेव्हा कोणत्याही उंचीवर असाल तिथून उतरावं लागतं.

१४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ वगैरे आकड्यांवर पैसे घालवू नका. जुन्या कॉम्प्युटरवर सेकंदाला तीस चित्रं मिळाली की सेस्ना समाधानाने उडते. रात्रीची उड्डाणं आवडत असतील तर व्हीए पॅनेल बघा, काळं जास्त काळं दिसतं. काच चकचकीत नको, झाशीच्या दुपारी तिच्यात विमानाऐवजी तुमची बनियन दिसते.

फ्लाइट सिम्युलेटर एक्सवाल्यांना एक खास सूचना. रुंद मॉनिटरवर चित्र वर-खाली कापल्यासारखं दिसेल. त्याच्या कॉन्फिग फाइलीत ‘वाइडव्ह्यूॲस्पेक्ट’ असं लिहिलेली ओळ शोधून तिच्यापुढे ‘ट्रू’ करा. जुन्या चपट्या कॉकपिटचे गोल काटे अंड्यासारखे दिसले तर घाबरू नये, ते चारास तीनच्या पडद्यासाठी काढलेले आहेत. थ्री-डी कॉकपिट वापरा.

मॉनिटर बसला की चाचणी म्हणून झाशी ते काल्पी उडा. बेतवा ओलांडा, पारीछाचं धरण शोधा, मग ईशान्येला नाक धरून यमुनेपर्यंत. सरळ रेषेत साधारण १४० किलोमीटर, सेस्ना १७२ला चाळीसेक मिनिटं. तिथून पश्चिमेला वळलात की ग्वाल्हेर. राणीसाहेबांचा शेवटचा मार्ग हाच. उंचीचा काटा पुढे न वाकता वाचता आला तर मॉनिटर योग्य. वाकावं लागलं तर चष्म्याचा नंबर तपासा, मॉनिटरचा दोष नाही.

मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे असताना लांब उड्डाणं टाळावीत. कूलर बाहेरची सगळी धूळ आत ओढतो आणि ती कार्डाच्या पंख्यात जाते. कॅबिनेटची बाजू उघडून, वीज बंद करून, मऊ ब्रशने झाडून घ्यावी. यूपीएस नसेल तर आधी यूपीएस, मग मॉनिटर. वीज गेली की विमान कोसळत नाही, पण हार्ड डिस्क कोसळते.

तेव्हा निकाल असा: २७ इंच, १०८०पी, ६० किंवा ७५ हर्ट्झ, आणि कॅबिनेटमागे आहे तेच भोक असलेला. फोर-केसाठी ठेवलेले बाकीचे पैसे एसएसडी आणि रॅमवर घाला. विमान त्यानेच लवकर सुटेल.