धुराड्यातील शीतवायूस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री शीतवायुमहाराज, मुक्काम धुराडे, यांसी
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, मॅसॅच्युसेट्सच्या जानेवारीत, बाहेरचा बर्फ दारापुढच्या पायऱ्या गिळू लागला असता, ज्या दिवाणखान्यात विस्तवाशी पाय शेकीत बसावे अशी माफक उमेद आम्ही बाळगून आहोत, त्याच दिवाणखान्यात आपण कोणत्याही परवान्यावाचून, आणि तेही खुद्द शेगडीच्या कडेने प्रवेश करून, आमच्या घोट्यांपासून झडती सुरू करता. सबब ही लेखी तक्रार आपल्या चरणी रुजू करणे प्राप्त झाले आहे. खिडकीवाटे आला असता तर आम्ही हूं की चूं केले नसते. जुन्या खिडक्यांवरील आपला वहिवाटीचा हक्क आम्हांस मान्यच आहे. पण विस्तवाच्या आडून थंडीने यावे, हे कोणत्याही न्यायाला धरून नाही.

आपले या प्रांतातील हितसंबंध पुरातन आहेत. उघड्या शेकोटीपुढे बसणाऱ्याचे तोंड भाजते आणि पाठ गोठते, कारण आग जितकी हवा धुराड्यातून वर धाडते तितकीच आपण फटीफटींतून आत येता, हे गाऱ्हाणे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ सालीच पुस्तिकेत छापून काढले. आणि याच मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे १७५३ मध्ये जन्मलेल्या, पुढे काउंट रम्फर्ड म्हणून बव्हेरियाच्या दरबारात मिरविलेल्या दुसऱ्या बेंजामिनाने, म्हणजे टॉम्प्सनने (त्याच्या राजनिष्ठेविषयी या मुलखात न बोललेले बरे), धुराड्याचा गळा अरुंद करून उबेची उधळपट्टी आवरली. आम्ही त्याही पुढे गेलो. विटांच्या कोनाड्यात बंद दाराची पोलादी शेगडी, जिला येथे इन्सर्ट म्हणतात, ती बसविली. तिच्या माथ्यावरून सहा इंच व्यासाची स्टेनलेसची नळी धुराड्याच्या शेंड्यापर्यंत नेली. आणि शेगडी व विटा यांमधील फटीवर काळ्या पत्र्याची सुबक चौकट लावून घेतली. ही चौकट केवळ शोभेची असते आणि वारा अडविण्याची जबाबदारी तिने कधीच पत्करलेली नसते, ही गोष्ट बसविणाऱ्या गृहस्थांनी, बहुधा आमच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून, गुलदस्त्यात ठेवली.

आपल्या आगमनाचा रीतसर पंचनामा झाला आहे. शेगडी थंड असताना, स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखा आणि कपडे वाळविण्याचे यंत्र मुद्दाम चालू ठेवून, देव्हाऱ्यातील उदबत्ती पेटवून शेगडीभोवती फिरविली. दाराशी धूर सरळ वर गेला. दाराची जबानी स्वतंत्रपणे घेण्यासाठी त्याच्या कडेत डॉलरची नोट धरून दार लावले व ती ओढून पाहिली. काचतंतूची दोरी जेथे झिजलेली असते तेथे नोट विनासायास निसटते, पण येथे चारही बाजूंनी ती हटेना. दार निर्दोष सुटले. चौकटीच्या वरच्या कोपऱ्याशी मात्र उदबत्तीचा धूर एकाएकी खोलीकडे वाकला, आणि आपला ठावठिकाणा उघड झाला: सहा इंचांची नळी आणि तिच्याहून दुप्पट रुंद असे जुने धुराडे यांमधील पोकळी, जी डॅम्परची झडप कापून काढल्यामुळे माथ्यापासून तळापर्यंत मोकळी पडली आहे. त्यातून आमचे धुराडे बाहेरच्या भिंतीस लागून. तीन बाजूंनी गारठलेल्या विटांतील जड हवा खाली न उतरेल तर काय करील?

आपले वकील म्हणतील की अशील घुसखोर नसून आमंत्रित आहेत, आणि या युक्तिवादात तथ्य आहे. तापलेली हवा माळ्याच्या झडपेतून व दिव्यांच्या भोकांतून वर निसटते, तिची जागा भरण्यासाठी घर तळमजल्याशी बाहेरची हवा ओढते, आणि पंखा त्या ओढीस जोर देतो. म्हणून माळ्याच्या झडपेस पट्टी लावण्याचे काम आम्ही धुराड्याच्याही आधी काढले आहे. शेजाऱ्यांना हे वेडेपण वाटते, कारण त्यांच्या मते थंडीचा उपाय थंडीच्या दाराशीच झाला पाहिजे.

धुराड्याचा बंदोबस्त पुढीलप्रमाणे योजिला आहे. गळ्याशी, जेथे डॅम्पर होता तेथे, नळीचा वर्तुळाकार छेद घेतलेला पत्रा आडवा बसवून त्याच्या कडा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बुजवावयाच्या आणि वर नळीभोवती रॉक वूल ठासावयाचे; भिंतींत भरतात ती काचेची लोकर येथे कामाची नाही, कारण तिच्यातील चिकटद्रव्य तापून जळते व घरभर दुर्गंध पसरतो. धुराड्याच्या माथ्यावरील टोपीखालचा पत्राही पुन्हा सांधला जाईल. शेगडीस जळण्यासाठी हवा घेण्याचे भोक मात्र कदापि बुजविले जाणार नाही. तो आपला कायदेशीर दरवाजा असून तेथून आपण खुशाल यावे, आगीची सेवा करावी आणि धुरासह वर जावे. या तहाची देखरेख भिंतीवरील कार्बन मोनॉक्साईडचे यंत्र करील. त्यास लाच चालत नाही.

तळघरातील राख काढण्याच्या लोखंडी दाराची बिजागरी सैल असल्याचे नुकतेच उघडकीस आले आहे. त्याविषयीची चौकशी चालू असून, निकाल यथावकाश कळविला जाईल. तोवर पायमोजे दोन-दोन घालून आहोत.

कळावे,
आपला नाइलाजाने यजमान