चोर सोडून संन्याशाला फाशी

सन्माननीय रेक-बीसीडी साहेब,
मु. पो. ई. कोलाय के-१२

परवा रात्री साडेअकराला इन्क्युबेटर उघडला आणि तिसरी प्लेटही कोरी निघाली. एक कॉलनी नाही. नुसतं अगार, धुतलेल्या ताटासारखं. हे काम कुणाचं, ते विचारावं लागलं नाही.

जिवाणूच्या पेशीत पहारा देणारं एन्झाइम म्हणून आपली ड्यूटी मला तोंडपाठ आहे. दुपदरी डीएनएचं मोकळं टोक दिसलं की धरायचं, उलगडायचं आणि सेकंदाला हजारेक अक्षरांच्या वेगाने कातरत सुटायचं. वाटेत जीसीटीजीजीटीजीजी ही आठ अक्षरांची खूण लागली, तरच हा घरचा माणूस समजून कातरणं आवरायचं, रेक-ए या जोडीदार प्रथिनाला बोलवायचं, दुरुस्ती करून घ्यायची. खुणेचं नाव ‘काय’. हसू नका, नावच ‘काय’ आहे. माझ्या अकराशे अक्षरांच्या पीसीआर तुकड्यात ‘काय’ नव्हता. प्रायमर यायला पंधरा दिवस लागले होते, तुम्हांला सेकंदभर पुरला असेल.

बरं, नियम म्हणजे नियम. पण लॅम्डा या जिवाणू मारणाऱ्या विषाणूच्या ४८,५०२ अक्षरांतही ही खूण एकदासुद्धा येत नाही! तो आत शिरल्या शिरल्या टोकं जुळवून गोल होतो, म्हणजे तुम्हांला तोंड लावायला जागाच नाही. पुढे प्रती काढताना त्याचा डीएनए लांबलचक दोरीसारखा बाहेर पडतो, तेव्हा टोक अगदी तुमच्यासमोर असतं. आणि तेव्हा आपण काय करता? त्याच्या गॅम नावाच्या चिटुकल्या प्रथिनाला डीएनए समजता. दोन गॅम एकमेकांना धरून येतात, डीएनएसारखाच ऋण भार अंगावर मिरवतात आणि टोक जिथे शिरायचं नेमक्या त्या खाचेत ठाण मांडतात. २०१६ साली क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने तुमचा तसाच फोटो निघाला. तोंडात बोळा कोंबलेला पहारेकरी! सगळ्या जगाने पाहिला. टी-सेव्हन विषाणूचंही तुम्हांला अडवणारं प्रथिन आहे, टी-फोर तर टोकांवर टोपीच चढवून येतो. दरोडेखोरांपुढे मुकाट बसायचं आणि पावती घेऊन आलेल्या गरिबाला फाडून खायचं, याला पहारा म्हणतात? लाज वाटायला हवी, साहेब.

तरी एक गोष्ट मला विसरता येत नाही. तुमच्या काही भाऊबंदांच्या घरी ईसी-४८ नावाचा रेट्रॉन असतो, विषाणूंविरुद्धची आणखी एक राखण. त्याचं लक्ष तुमच्यावर. विषाणूने तुम्हांला जखडलं की तो पेशीलाच मरायला लावतो, विषाणूची पिल्लं बाहेर पडण्याआधी. २०२० साली हे छापून आलं, तेव्हा मी बेंचवर बसून दोनदा वाचलं. विषाणूशी झुंजणारं दुसरं कुणी एवढ्या तोलामोलाचं घरात नसावं, म्हणून तुमच्यावर पडलेला हात हीच तिथे शेवटची घंटा मानतात. माझ्यासाठी कुणी एक सुट्टीसुद्धा टाकणार नाही.

आपली,
तीन कोऱ्या प्लेटांची मालकीण

ता. क. – आज सकाळी ज्युनिअरने कबूल केलं की फ्रीजमधल्या ‘अरॅबिनोज’ लिहिलेल्या बाटलीत ग्लुकोज होतं. बाहेरचा तुकडा जिवाणूच्या गुणसूत्रात बसवण्याच्या डॅटसेंको-वॅनर पद्धतीत लॅम्डाचा गॅम मीच प्लाझ्मिडवरून तुमच्याकडे धाडते, आणि तो अरॅबिनोजशिवाय उठत नाही. ग्लुकोजने तर आणखी गाढ झोपतो. म्हणजे तिन्ही वेळा तुम्ही चोख ड्यूटी केलीत. माफी मागणार नाही. सोमवारी नवी बाटली येते आहे, तोंड उघडं ठेवा.