व्याह्यांचा व्योमविहार, मुक्काम जमैका

(पडदा उघडतो. मंचावर एक लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर नारिंगी रंगाचे जीवरक्षक जाकीट. बंद गळ्याचा कोट घातलेले निवृत्त नायब तहसीलदार काखेत फाईल घेऊन येतात, प्रेक्षकांना सावकाश नमस्कार करतात आणि चष्मा पुसून बोलू लागतात.)

सभ्य स्त्रीपुरुषहो, आमच्या स्मृतिकारांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले, गोत्र, प्रवर आणि सपिंडता यांचा बारीक कीस पाडला, कन्यादानाच्या वेळी कोणी कोणत्या दिशेला तोंड करून बसावे याचासुद्धा निर्णय देऊन ठेवला. परंतु दोन व्याह्यांना एकाच दोरीला बांधून भर समुद्रावर चारशे फूट उंच सोडले असता त्यांनी परस्परांशी काय संभाषण करावे, याविषयी एकाही ऋषीने अक्षर लिहून ठेवलेले नाही. ती उणीव भरून काढण्याचा योग प्रस्तुत इसमाच्या कपाळी होता.

माझे व्याही आबासाहेब हे कोल्हापूरकडचे. उभी हयात एका साखर कारखान्यात शेतकी अधिकारी म्हणून गेलेली. उसाचा फड नुसता डोळ्यांखालून घातला की एकरी टनेज सांगतात, आणि ते चुकले तर वजनकाट्याला दोष देतात. मी कोकणातला, महसूल खात्यातला. आमचे संबंध अत्यंत सलोख्याचे, म्हणजे लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी एकही वाक्य विनाकारण बोललेलो नव्हतो. कारणही सर्वश्रुत आहे. विहिणीच्या पंगतीत, नेमकी आमच्या आत्याबाईंच्या पानापाशी येऊन, वधूपक्षाची जिलेबी संपली. मी त्या प्रकरणाची वाच्यता केली नाही. फक्त नोंद घेतली.

(फाईलवर बोट ठेवतात.)

आमचे चिरंजीव आणि सूनबाई फ्लोरिडात असतात. दोन्ही घरांचे वडीलधारे एकत्र आले असता त्यांच्यात स्नेहभाव उत्पन्न करावा, अशा सद्हेतूने त्यांनी आम्हां सर्वांना मायामीहून निघणाऱ्या एका अवाढव्य प्रवासी जहाजावर चढविले. जहाज सकाळी जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील ओचो रिओस बंदराला लागणार आणि दुपारी सुटणार. तेवढ्या अवधीत सकाळी पॅरासेलिंग आणि नंतर खेड्यापाड्यांतून फेरी असा जोडकार्यक्रम त्यांनी परस्पर मुक्रर केला, पावती आमच्या हातात दिली, आणि नातवाला सर्दी झाल्याच्या सबबीवर आपण स्वतः जहाजावर मागे राहिले. सर्दी झालेला नातू त्या वेळी जहाजाच्या घसरगुंडीवरून पाण्यात पडत होता.

पॅरासेलिंग हा प्रकार ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्या माहितीसाठी सांगतो. पियेर लेमॉइन नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १९६१ साली ओढले असता वर चढणारी एक हवाई छत्री सिद्ध केली; हेतू असा की, उडी मारायला शिकणाऱ्यांना विमानाचा खर्च न करता उंच नेता यावे. म्हणजे मुळात ही काटकसरीची योजना. पुढे उडी गळाली, काटकसर गळाली, आणि उरले ते नुसते उंच जाणे, ज्याचे डॉलर मोजून घेतात. वेगवान होडीच्या मागच्या भागी एक यांत्रिक रहाट असतो, त्याला ते विंच म्हणतात. त्यावर शेकडो फूट रस्सा गुंडाळलेला. रस्सा सोडला की माणूस वर, गुंडाळला की माणूस खाली. यात स्वतः माणसाने करण्यासारखे काहीही नसते. सरकारी नोकरीचा पूर्वानुभव असलेल्यास हे फार लवकर जमते.

प्रथम एक दस्त सहीसाठी पुढे आला. माझ्या पुढच्या पाहुण्यांनी तो न वाचता सह्या ठोकल्या. मी चष्मा लावून बैठक मारली. मजकूर असा की, सदर इसमास उड्डाणप्रसंगी दुखापत, बुडणे अगर मृत्यू आल्यास तो स्वतः, त्याचे वारस, मुखत्यार व तत्सम कोणीही कंपनीविरुद्ध दावा लावणार नाही. आता मृत इसमाने स्वतः दावा लावण्याचा प्रश्न कोणत्या कायद्यान्वये उद्भवतो, अशी मी नम्र पृच्छा केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "रिलॅक्स, डार्लिंग." मंडळी, महसूल खात्यात मला अनेक संबोधने लाभली, काही लेखी आहेत, परंतु पत्नी, विहीणबाई आणि व्याही अशा तिघा साक्षीदारांसमक्ष हे संबोधन प्रथमच लाभले. मी तात्काळ सही केली आणि खाली लिहिले, 'वाचून पाहिले, बरोबर आहे.'

(जाकीट चढवतात. ते पोटावर बसत नाही. कोटाची बटणे काढून पुन्हा प्रयत्न करतात.)

स्त्रिया आधी गेल्या. आमच्या सौभाग्यवती आणि विहीणबाई पदर खोचून त्या पट्ट्यांत बसल्या, छत्री फुगली, आणि दोघी आकाशात अशा खिदळत गेल्या की, खाली रहाटावर बसलेला पोरगासुद्धा हसू लागला. त्या उतरल्यावर आम्हां पुरुषांना माघार घेण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. आता उद्भवला तो स्थानमानाचा प्रश्न. एका आडव्या दांडीला दोन बैठका, उजवी मानाची. "आपण उजवीकडे बसावे, भाऊसाहेब, आपण वरपक्ष." "छे छे, आबासाहेब, आपण वयाने वडील." "असं कसं? मान तो मान." होडीवाला ओरडला, वारा वाढतोय! तिकडे ईशान्येचे व्यापारी वारे दिवस चढेल तसे जोर धरतात, म्हणूनच ही उड्डाणे सकाळी उरकतात. पण मानपानाला वाऱ्याचे वेळापत्रक कुठले? शेवटी त्या पोराने आबासाहेबांना खांद्याला धरून डावीकडे अडकवले, आणि मला उजवीकडे. अशा रीतीने सदर प्रकरणाचा निकाल एकतर्फी लागला.

(खुर्चीवर बसतात. पाय हळूहळू वर उचलतात. आवाज बारीक होतो.)

आणि मग... निःशब्दता. होडीचे इंजिन खाली राहिले, माणसे खाली राहिली, वर नुसता वारा आणि छत्रीची फडफड. दक्षिणेला हिरवेगार डोंगर, एकामागून एक. पायांखाली समुद्राचे पाणी इतके स्वच्छ की तळाची प्रवाळे दिसावीत. पश्चिमेला किनारा जिकडे वळतो तिकडे सेंट ॲन्स बे. तिथे १५०३ साली कोलंबसाची गलबते भोके पडून निकामी झाली आणि तो वर्षभर अडकून पडला. स्थानिक लोकांनी शिधा देणे बंद केले, तेव्हा या महापुरुषाने आपल्याजवळचे पंचांग उघडले, २९ फेब्रुवारी १५०४ चे चंद्रग्रहण हेरले, आणि देव तुमच्यावर कोपून चंद्र काढून घेणार आहे, अशी त्यांना धमकी दिली. ग्रहण लागले, शिधा सुरू झाला. ग्रहणाचे दान मागत आपल्याकडेही माणसे दारावर येतात, पण त्यांच्या नावाने कोणी नवे जग शोधल्याची नोंद करत नाही.

एवढ्यात डावीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"भाऊसाहेब, ती जिलेबी..."

मी दांडी घट्ट धरली. इतकी वर्षे न उच्चारलेला शब्द, आणि तोही अशा ठिकाणी, जिथून उठून जाण्याची सोय नाही!

"संपली नव्हती," आबासाहेब म्हणाले. "कोठीत दोन पराती भरून होती. पण कोठीची किल्ली आमच्या मेव्हण्याजवळ, आणि मेव्हणा गच्चीवर रुसून बसलेला."

मंडळी, जिलेबी संपण्याचे दुःख मी पचवले होते, पण हे? लग्नात रुसणे हा वरपक्षाचा वंशपरंपरागत हक्क आहे. त्या हक्काची आम्ही केवढ्या संयमाने बजावणी टाळली होती! आणि वधूपक्षाचा मेव्हणा, ज्याचे नाव रुसव्याच्या यादीत कुठेच बसत नाही, तो परस्पर गच्चीवर जाऊन रुसतो? हा उघडउघड अतिक्रमणाचा प्रकार होता. मी त्याची साद्यंत फेरचौकशी करण्याच्या हेतूने तोंड उघडले, "आबासाहेब, प्रथमतः..." आणि त्याच क्षणी होडीवाल्याने पाहुण्यांच्या मनोरंजनार्थ इंजिनाचा वेग कमी केला. आम्ही दोघे कमरेइतके कॅरिबियन समुद्रात गेलो. उघडलेल्या तोंडात जे आले त्यामुळे चौकशी तहकूब झाली.

(जाकीट काढतात, पिळल्याचा अभिनय करतात, खुर्चीच्या पाठीवर वाळत घालतात.)

ओल्या पाटलोणींनिशी आम्ही मोटारीत बसलो. तिथली वाटाडी बाई मोठी प्रशस्त, हसतमुख, तीही सर्वांना डार्लिंग म्हणणारी. एव्हाना मी हुंकार देऊ लागलो होतो. गाडी निघाली ती फर्न गलीतून. ही एका जुन्या नदीच्या पात्रातून गेलेली सडक, दोन्ही अंगांना नेच्यांच्या भिंती, डोक्यावर झाडांचा मांडव. भर दुपारी दिवे लावावेत असा काळोख. सौभाग्यवती म्हणाल्या, "अगदी आपल्या घाटासारखं." मी मनातल्या मनात तिकिटाची रक्कम आठवली. काळोखातून वर आलो तो माती लाल. नारळ, केळी, चिंच. आणि एका वळणावर, मंडळी, नीरफणस! भरघोस, पानापानाआड लटकलेला, आमच्या परसातला नीरफणस!

"हे सगळं कोकण आहे," मी जाहीर केले.

"कोकणात ऊस कुठला?" आबासाहेबांनी खिडकीबाहेर बोट केले. खरोखरच एका झोपडीमागे उसाची ओळ होती. "टनेज बरं दिसत नाही, खत कमी पडलंय. पण मुलूख आमचा."

वाटाड्या बाईने आमचा हक्काचा वाद ऐकून घेतला आणि एकेक दावा खारीज करत आणला. नीरफणस ताहिती बेटावरून आलेला. गुलामांच्या पोटाला स्वस्त अन्न पाहिजे म्हणून कप्तान ब्लाय तो आणायला निघाला. पहिल्या खेपेला त्याच्या खलाशांनी बंड करून त्याला होडीत बसवून सोडून दिले, आणि रोपे समुद्रात भिरकावली. दुसऱ्या खेपेला, १७९३ साली, ती पोचली. आंब्याची हकीकत तर मला फारच जवळची वाटली. १७८२ साली इंग्रजांच्या आरमाराने एक फ्रेंच जहाज पकडले, त्यावर आंब्याची रोपे होती, प्रत्येकावर फक्त अनुक्रमांक. नावांची यादी कोणाला माहीत नाही. म्हणून तिथला एक आंबा आजही 'नंबर इलेव्हन' याच नावाने विकला जातो. म्हणजे जप्तीचा माल! जप्ती झाली, पंचनाम्याचा कागद हरवला, आणि मुद्देमालाला फळे धरली. मी माझ्या खात्यात असे कित्येकदा होताना पाहिले आहे, फळांचा भाग सोडून.

"आणि ऊस?" आबासाहेबांनी विचारले.

उसाचे ती हसत सांगू शकली नाही. उसामागून आफ्रिकेतली माणसे बेड्या घालून आणली गेली. १८३८ मध्ये ती पुरती मुक्त झाली. मग १८४५ पासून करारावर आणले हिंदुस्थानातले मजूर, आणि त्यांतच तिची एक पणजी. कुठल्या गावची, ते कोणी लिहून ठेवले नाही. आबासाहेब खिडकीबाहेर पाहत राहिले. टनेजचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मी त्याबद्दल त्यांच्या खात्यावर एक चांगली नोंद केली.

तिने आम्हांला आपल्या घरी नेले. निखाऱ्यावर काळा होईतो भाजलेला नीरफणस, आणि सोबत आकी नावाचे फळ खारवलेल्या माशांबरोबर परतलेले. आकीचा नियम असा की, झाडावर ते आपण होऊन उकलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आधी तोडून खाल्ले तर विषबाधा. आकी आणि व्याही, दोघांचे एकच.

तर जेवता जेवता मी सहज विचारले, ही जमीन कोणाच्या नावे? ती म्हणाली, सगळ्यांच्या. मुक्तीनंतर तिच्या पूर्वजांनी हा तुकडा विकत घेतला. तेव्हापासून ती घराण्याची जमीन. जितके वंशज तितके मालक, मुलगेही, मुलीही, लंडनला गेलेले, टोरांटोला गेलेले, सगळे. विकायची नाही, वाटायची नाही. पूर्वजांची थडगी तिथेच, झाडे तिथेच.

"प्रत्येकाची आणेवारी किती?"

"आणेवारी नाही."

"मग उताऱ्यावर नोंद कशी घेता?"

"घेत नाही, डार्लिंग."

(खुर्चीचा आधार घेतात.)

मी पाणी मागितले. आमच्याकडे एका फणसाला चौदा हिस्सेदार असतात, पण चौदाही जणांचे आणे-पै कागदावर! "आणि तंटे?" मी क्षीण स्वरात विचारले. "खूप!" ती प्रसन्नपणे म्हणाली, आणि माझ्या जिवात जीव आला. चालू तंटा असा: लंडनहून परतलेल्या चुलतभावाला त्या नीरफणसाभोवती कुंपण घालायचे होते.

मी फाईल काढली. ताटाखालचा कागद उलटा करून वंशावळ मांडली, थडग्यांवरची नावे वाचून घेतली, आणि सामाईक वहिवाट सिद्ध असल्याने कुंपणाला मनाई असावी, असा अभिप्राय लिहायला घेतला. तोच कुंपणवाला चुलतभाऊ स्वतः तिथे आला. त्याने आपले म्हणणे मांडले: शेळ्या रोपे खातात. आणि आबासाहेब, ज्यांच्याबरोबर मी काही तासांपूर्वीच एका दोरीला लोंबकळलो होतो, ते उठून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले!

"भाऊसाहेब, बागायत करायची तर कुंपण पाहिजेच. हे कोकण नव्हे."

"आबासाहेब, गच्चीवर रुसून बसणाऱ्यांच्या घराण्याने वहिवाटीवर बोलू नये!"

वाटाडी बाई घड्याळ दाखवत होती, विहीणबाई माझ्या पाटलोणीला धरून ओढत होत्या असे मला नंतर कळले, आणि सौभाग्यवतींनी दोन्ही पक्षांना एकाच मोटारीत कोंबून बंदर गाठले. जहाजाची शिडी काढण्यापूर्वी आम्ही चढलो, ही गोष्ट जहाजाच्या दप्तरात नोंदलेली आहे.

रात्री भोजनगृहात आबासाहेब पलीकडच्या मेजावर. मी नातवाकरवी लेखी कळविले की, कुंपणाचा तंटा आणि जिलेबीचे मूळ प्रकरण ही दोन्ही एकत्र चालवण्यात यावीत. नातू उलट टपाल घेऊन आला. आबासाहेबांनी हातरुमालावर पेन्सिलीने लिहिले होते: 'मान्य. पुढील तारीख परवा, मुक्काम कोझुमेल. मेव्हण्याला व्हिडिओवर साक्षीला बोलावतो.'

(फाईल बंद करून काखेत मारतात, जाकीट विसरून जातात, परत येऊन उचलतात आणि निघून जातात. पडदा.)